ऱ्हाईनकाठचे पाहुणे

मराठी कुटुंबातील एखादी व्यक्ती शिक्षणाच्या, नोकरीच्या किंवा लग्नाच्या निमित्ताने युरोपात स्थायिक झाली की थोड्याच काळात तिच्या घराकडे एक जबाबदारी आपसूक चालत येते, आणि ती म्हणजे सुट्ट्या लागल्यावर भारतातून येणाऱ्या आप्तमित्रांना युरोप दाखवण्याची. बहुतेक जण ती आनंदाने पार पाडतात. तरीही ती पार पाडताना घरातल्या घरात एक मतभेद हमखास उभा राहतो. तेथे राहणाऱ्याला एकेक ठिकाण सावकाश, पुन्हा पुन्हा आणि ऋतुमानाप्रमाणे पाहण्याची सवय झालेली असते, तर पाहुणा हाताशी असलेले दिवस आणि पाहायची ठिकाणे यांचा मेळ घालण्यात गुंतलेला असतो. एकाला दुसऱ्याची घाई उथळ वाटते आणि दुसऱ्याला पहिल्याचा संथपणा आळसाचा किंवा, त्याहून वाईट म्हणजे, तुसडेपणाचा वाटतो.

या दोन भूमिका पुढे संवादरूपाने मांडल्या आहेत. संवादातील यजमान जर्मनीतील बॉन या शहरात पुष्कळ वर्षे राहणारा मराठी अभियंता आहे, पाहुणा हा त्याचा पुण्यातील महाविद्यालयीन मित्र आहे आणि पाहुणी ही त्या मित्राची पत्नी असून शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेली आहे. तिघेही प्रातिनिधिक आहेत; स्थळे, अंतरे आणि नियम मात्र खरे आहेत. १९४९ ते १९९० या काळात पश्चिम जर्मनीची राजधानी असलेले बॉन ऱ्हाईन नदीच्या काठी, कोलोनपासून रेल्वेने अर्ध्या तासाच्या अंतरावर वसले आहे, आणि कोलोनहून ब्रसेल्स दोन तासांच्या आत, अ‍ॅमस्टरडॅम तीन तासांच्या आत व पॅरिस साडेतीन तासांच्या आत गाठता येते. वादाचे मूळ याच सोयीत आहे, कारण जेथून सगळेच जवळ असते तेथे थांबावे का, हा प्रश्न अधिक तीव्रतेने उभा राहतो.

पाहुणा : यादी करूनच आलो आहोत, तेव्हा तुला फार विचार करावा लागणार नाही. पंधरा दिवसांत पॅरिस, ब्रसेल्स, अ‍ॅमस्टरडॅम आणि स्वित्झर्लंड एवढे व्हायलाच हवे, आणि वेळ उरला तर प्राग. तुझे कोलोन जाता-येता स्टेशनवरून दिसेलच.

यजमान : दिसेल हे खरे, कारण कोलोनचे मुख्य स्थानक कॅथीड्रलच्या अगदी पायथ्याशी आहे, पण अरे, ज्या वास्तूचा पाया १२४८ मध्ये घातला गेला आणि जी १८८० मध्ये पुरी झाली, ती गाडी बदलण्याच्या वेळात पाहून हाती काय लागणार? यादीतली शहरे एकमेकांशी कशी जोडलेली आहेत हे कळले नाही, तर घरी गेल्यावर छायाचित्रे पाहताना कोणता चौक कोणत्या गावचा हेही आठवणार नाही. त्यापेक्षा पंधरा दिवस येथेच राहा आणि नदीच्या काठाने वर-खाली फिरा.

पाहुणा : हे बोलणे तुला शोभते, कारण तुला पुढच्या महिन्यात पुन्हा जाता येते. आम्हाला व्हिसाच्या भेटीची तारीख मिळवण्यापासून बँकेची विवरणे, विमा, तुझे निमंत्रणपत्र असे सगळे जुळवावे लागले आणि तिकिटांचे पैसे वेगळे. पुन्हा येणे होईलच असे कोणी सांगावे? आज गुडघे साथ देत आहेत, तोवर जेवढे पाहून होईल तेवढे पाहायचे आहे.

पाहुण्याच्या या उत्तरातील व्यवहार समजून घेण्यासाठी शेंगेन व्यवस्था थोडक्यात समजून घेणे आवश्यक आहे. १४ जून १९८५ रोजी लक्झेंबर्गमधील शेंगेन या खेड्यापाशी, मोझेल नदीत नांगरलेल्या एका प्रवासी बोटीवर बेल्जियम, नेदरलँड्स, लक्झेंबर्ग, फ्रान्स आणि पश्चिम जर्मनी या पाच देशांनी परस्परांच्या सीमांवरील तपासणी टप्प्याटप्प्याने बंद करण्याचा करार केला. प्रत्यक्ष अंमलबजावणी १९९५ मध्ये सुरू झाली आणि आज या क्षेत्रात २९ देश आहेत. त्यांत युरोपीय संघाबाहेरचे स्वित्झर्लंड आहे, पण आयर्लंड आणि ब्रिटन नाहीत. अल्पकालीन व्हिसावर येणाऱ्या पाहुण्याला कोणत्याही १८० दिवसांच्या काळात जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते, किमान ३०,००० युरोंचे वैद्यकीय विमासंरक्षण घ्यावे लागते आणि अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त मुक्काम असेल त्याच देशाकडे करावा लागतो. एकच व्हिसा इतक्या देशांना पुरत असल्यामुळे अर्जाचा सगळा खटाटोप एका देशासाठी केला काय आणि पाच देशांसाठी केला काय, सारखाच पडतो. म्हणून माणूस साहजिकच पाच देशांचा विचार करतो. लांबलचक यादीमागे हौस असतेच, परंतु ती यादी आखणारा हात पुष्कळ अंशी या नियमाचा असतो. यजमानाकडे निवासाचा परवाना असतो, आणि त्याच्या सावकाशीची किंमत त्या परवान्याने आधीच चुकती केलेली असते. सावकाश प्रवासाचा उपदेश करणाऱ्यांनी ही विषमता मनात ठेवली पाहिजे, असे या लेखाचे स्पष्ट मत आहे.

यजमान : नियम तूच काढलास म्हणून सांगायला हवे, की तुमचा व्हिसा जर्मनीचा आहे, म्हणजे सर्वांत जास्त रात्री येथेच काढल्या पाहिजेत. शिवाय पासपोर्ट घरी ठेवून शेजारच्या देशात जाऊ नका, कारण २०२४ च्या सप्टेंबरपासून जर्मनीने आपल्या सगळ्या भूसीमांवर तात्पुरती तपासणी पुन्हा सुरू केली असून गाडीत पोलीस येऊन कागदपत्रे मागू शकतात.

पाहुणा : जास्त रात्री येथे काढू, पण दिवस कोठे काढायचे हे तरी आमच्यावर सोड. आणि येथे काय पाहायचे ते नीट सांग. नुसते "सावकाश पाहा" म्हणून कोणाचे समाधान होत नाही.

पाहुण्याची ही मागणी रास्त आहे. सावकाश पाहण्याची शिफारस करणारे लोक पुष्कळदा काय पाहायचे हे सांगत नाहीत. नदीकाठचा बाक, कोपऱ्यावरची बेकरी आणि रविवारची बंद दुकाने यांची गोडी राहणाऱ्यालाच लागते, चार दिवसांच्या पाहुण्याला ती लागावी अशी अपेक्षा करणे अन्यायाचे आहे. यजमानाला आपला आग्रह टिकवायचा असेल, तर एका ठिकाणाने दुसरे ठिकाण उलगडत जाईल असा धागा त्याने पाहुण्याच्या हाती दिला पाहिजे. ऱ्हाईनच्या काठी असा धागा आहे, आणि तो दगडापासून सुरू होतो.

यजमान : मग ऐक. उद्या सकाळी ट्रामने पलीकडच्या काठावरच्या कोनिग्सविंटरला जाऊ. तेथे ड्राखेनफेल्स नावाचा ३२१ मीटर उंचीचा डोंगर आहे. वर जायला १८८३ पासून दातेरी रुळाची रेल्वे आहे, त्यामुळे गुडघ्यांची काळजी नको. माथ्यावर पडक्या किल्ल्याची एक भिंत उभी आहे आणि तिच्या पायाशी डोंगर कापून काढल्यासारखा दिसतो. तो खरोखरच कापून काढलेला आहे, कारण कोलोनच्या कॅथीड्रलचा मध्ययुगीन भाग याच डोंगराच्या दगडाचा आहे. परवा कोलोनला गेल्यावर त्याच दगडावर हात ठेवायचा.

पाहुणी : भाऊजी, तो दगड तोच आहे हे तेथे गेल्यावर ओळखता कसे येईल? पाटी लावलेली आहे का?

यजमान : पाटीची गरज नाही, वहिनी. फिकट करड्या दगडात बोटाच्या पेरांएवढे पांढरट, चपटे, आयताकृती तुकडे रुतलेले दिसतील. डोंगरावर एकदा पाहून ठेवले की कॅथीड्रलच्या भिंतीवर ते चटकन ओळखू येतात.

हा खडक ट्रॅकाइट नावाचा, ज्वालामुखीतून निर्माण झालेला आहे आणि त्यात दिसणारे तुकडे म्हणजे सॅनिडीन या खनिजाचे स्फटिक होत. शिलारस सावकाश निवत असताना ते वाढत गेले आणि म्हणून एवढे मोठे झाले. रोमन लोकांनीही हा दगड काढला होता. त्याचे मोल जितके त्याच्या गुणामुळे होते तितकेच नदीमुळे होते, कारण खाणीतून उतरवलेला दगड थेट बोटीत चढवून प्रवाहाबरोबर कोलोनला नेता येत असे. तेथे १२४८ मध्ये काम सुरू होण्याचे कारण म्हणजे, ख्रिस्तजन्माच्या कथेतील तीन ज्ञानी पुरुषांचे मानले जाणारे अवशेष ११६४ मध्ये मिलानहून कोलोनला आणले गेले होते आणि त्यांच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंची गर्दी जुन्या चर्चमध्ये मावेनाशी झाली होती. कॅथीड्रल म्हणजे बिशपचे किंवा आर्चबिशपचे आसन असलेले मुख्य चर्च. कोलोनच्या या कॅथीड्रलचा पूर्वेकडील भाग १३२२ मध्ये पूजेसाठी खुला झाला, पुढे सोळाव्या शतकात पैसा आणि उत्साह दोन्ही आटले आणि काम थांबले. दक्षिणेकडच्या अर्ध्या मनोऱ्यावर दगड चढवण्याची लाकडी यारी तशीच उभी राहिली आणि ती १८६८ मध्ये उतरवली गेली. शतकानुशतके कोलोनचे जे चित्र काढले जाई त्यात ही यारी असे. गावकऱ्यांच्या अनेक पिढ्यांनी आपले कॅथीड्रल अपुरेच पाहिले.

काम पुन्हा सुरू झाले ते १८४२ मध्ये, प्रशियाच्या राजाच्या पुढाकाराने, आणि दर्शनी भागाचा हरवलेला मध्ययुगीन आराखडा दोन तुकड्यांत सापडल्यामुळे मनोरे मूळ कल्पनेनुसार उभारता आले. परंतु त्या वेळी ड्राखेनफेल्सचा दगड मिळणे शक्य नव्हते. खाणकामाने किल्ल्याचा काही भाग कोसळला होता, आणि डोंगराचा विध्वंस थांबवण्यासाठी प्रशियाच्या सरकारने १८३६ मध्ये माथा विकत घेऊन खाण बंद केली होती. जर्मनीतील निसर्गसंरक्षणाच्या अगदी आरंभीच्या उदाहरणांत याची गणना होते. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील बांधकामात मुख्यतः निरनिराळे वालुकाश्म वापरले गेले, आणि आज भिंतीजवळ जाऊन पाहणाऱ्याला स्फटिकांचा जुना दगड कोठे संपतो आणि नवा कोठे सुरू होतो हे दिसू शकते. डोंगर न पाहता कॅथीड्रल पाहणाऱ्याच्या लक्षात १५७ मीटर ही उंची राहते. डोंगर पाहून आलेल्याच्या लक्षात, एका पिढीने डोंगर फोडून चर्च बांधले आणि दुसऱ्या पिढीने चर्च पुरे करण्याआधी डोंगर वाचवला, ही गोष्ट राहते.

पाहुणी : आमच्याकडचा दगडही ज्वालामुखीचाच. अजिंठा-वेरूळची लेणी बेसाल्टमध्ये कोरलेली आहेत हे मुलांना शिकवताना, दगड आधी आणि शिल्प नंतर, असे नेहमी सांगावे लागे. येथे मात्र दगड डोंगरातून उचलून दूर नेला, आणि तिकडे डोंगर जागच्या जागी ठेवून आत वाट काढली.

पाहुणा : तुम्हा दोघांचे जमले. पण खरे सांग, त्या मनोऱ्यावर तू कधी चढला आहेस का?

यजमान : नाही. ५३३ पायऱ्या आहेत, आणि दर खेपेला पाहुण्यांना खालून रवाना करून चौकात थांबणे होते.

पाहुणा : म्हणजे तुझे सावकाश पाहणे चौकापर्यंतच आहे.

येथे पाहुण्याने यजमानाच्या भूमिकेतील खरा कमकुवतपणा पकडला आहे. जो राहतो तो पाहणे पुढे ढकलू शकतो, आणि ढकलता ढकलता वर्षे निघून जातात. दक्षिण मनोऱ्याच्या जिन्याने वर जाताना घंटाघरातून वाट जाते. पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस जुनी मोठी घंटा वितळवण्यात आल्यानंतर १९२३ मध्ये ओतलेली २४ टन वजनाची घंटा तेथे आहे. खाली, दक्षिणेकडच्या आडव्या दालनात, चित्रकार गेरहार्ट रिष्टर यांनी ७२ रंगांच्या अकरा हजारांहून अधिक चौकोनी काचांची जी खिडकी केली ती २००७ पासून तेथे आहे. शहरात राहणाऱ्या कित्येकांनी या दोन्ही गोष्टी कोणा तरी पाहुण्याच्या आग्रहामुळेच पहिल्यांदा पाहिलेल्या असतात. पाहुणा आला नाही तर आपलेच गाव पाहायचे राहून जाते, हे परदेशस्थांच्या अनुभवातील एक ठळक सत्य आहे, आणि म्हणून पाहुण्याला धडे देण्याचा अधिकार यजमानाला तितकासा नाही.

पाहुणा : आणि यादी करणे एवढे वाईट असेल, तर ती करायला कोणी शिकवले? तुझ्याच नदीने. प्रवासी मार्गदर्शिका पहिल्यांदा येथेच निघाल्या ना?

यजमान : पहिल्यांदा म्हणता येणार नाही; पण आजच्या मार्गदर्शिकेला जे रूप आहे ते घडवण्यात कोब्लेंझचा मोठा वाटा आहे, हे मान्य.

मोझेल आणि ऱ्हाईन यांच्या संगमावरील कोब्लेंझ बॉनहून रेल्वेने तासाभराच्या आत आहे. कार्ल बेडेकर या पुस्तकविक्रेत्याने तेथे १८२७ मध्ये व्यवसाय सुरू केला आणि १८३२ मध्ये एक बुडीत निघालेली प्रकाशनसंस्था विकत घेतली. तिच्याबरोबर माइंझ ते कोलोन या ऱ्हाईनप्रवासाचे एक पुस्तक त्याच्या हाती आले. ते सुधारून, पाहुण्याला वाटाड्याची आणि खानावळवाल्याची मनधरणी करावी लागू नये असे व्यवहारी तपशील घालून, त्याने १८३५ मध्ये पुन्हा काढले. नदीत वाफेच्या बोटी सुरू होऊन फार दिवस झाले नव्हते आणि मध्यमवर्गीय माणूस थोड्या दिवसांची रजा घेऊन प्रथमच मौजेच्या प्रवासाला निघू लागला होता. त्याआधी 'ग्रँड टूर' म्हणजे ब्रिटिश उमरावांच्या मुलांनी शिक्षक आणि नोकर बरोबर घेऊन महिनोन्महिने, कधी वर्षानुवर्षे केलेली युरोपयात्रा होती. वेळ थोडा असलेल्याला निवड करून द्यावी लागते. मारियाना स्टार्क या इंग्रज लेखिकेने त्यासाठी उद्गारचिन्हे वापरली होती, लंडनच्या मरे या प्रकाशकाने चांदण्या वापरल्या, आणि १८४० च्या दशकापासून बेडेकरने त्या चांदण्या आपल्या पुस्तकांत सर्वत्र नेल्या. १८५५ मध्ये टॉमस कुकने इंग्लंडहून पहिल्यांदा जे प्रवासी युरोपच्या मुख्य भूमीवर नेले त्यांचा मार्गही ब्रसेल्स, कोलोन, ऱ्हाईन, हायडेलबर्ग, स्ट्रासबर्ग आणि पॅरिस असाच होता. पुण्या-मुंबईहून निघणाऱ्या आजच्या गट सहली याच परंपरेच्या आहेत. यादी ही थोड्या सुट्टीच्या आणि बेताच्या पैशांच्या माणसाला प्रवासाचा हक्क मिळवून देणारी वस्तू आहे. तिला नाक मुरडणे म्हणजे जुन्या उमरावांच्या बाजूने बोलणे होय.

पाहुणा : हे तू मान्य केलेस, आता पुढचे बोलू. कोब्लेंझच्या पुढे काय?

यजमान : पुढे नदीची खिंड. कोब्लेंझपासून बिंगेनपर्यंत सुमारे ६५ किलोमीटरचा पट्टा २००२ पासून जागतिक वारसा यादीत आहे. दोन्ही काठांवर डोंगर, उतारांवर द्राक्षमळे आणि दर वळणावर किल्ला.

पाहुणा : किल्ले पाहायला सह्याद्री सोडून येथवर आलो नाही.

यजमान : येथे किल्ला कशासाठी बांधत ते ऐकून घे आणि मग ठरव. यांतले पुष्कळसे किल्ले जकात नाके होते.

काउब या गावापाशी नदीच्या पात्रातल्या खडकावर जो फाल्झग्राफेनश्टाइन नावाचा छोटा किल्ला आहे, तो या दृष्टीने सगळ्यांत बोलका आहे. चौदाव्या शतकात, १३२७ च्या सुमारास, त्याचे काम सुरू झाले, आणि त्याचा उद्देशच जाणाऱ्या बोटींकडून पथकर वसूल करणे हा होता. बोटींनी निसटून जाऊ नये म्हणून साखळ्यांचा उपयोग होई. मध्ययुगात या नदीवर असे नाके पावलोपावली होते आणि प्रत्येक संस्थानिक आपापल्या हद्दीत हात पसरून बसलेला असे. मुंबईच्या वेशीवरची जकात २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर बंद झाली, त्याआधी नाक्यावर ताटकळणाऱ्या ट्रकांच्या रांगा ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांना ऱ्हाईनच्या किल्ल्यांचे अर्थशास्त्र वेगळे समजावून सांगावे लागत नाही. या नाक्यांना आळा घालण्यासाठी १८१५ च्या व्हिएन्ना परिषदेत ऱ्हाईनवरील नौकानयनाचा मध्यवर्ती आयोग स्थापन झाला, १८६८ च्या मानहाइम करारात केवळ नदीतून गेल्याबद्दलचे कर रद्द झाले, आणि तो आयोग आजही स्ट्रासबर्ग येथे कार्यरत आहे. साखळ्या लावून बोटी अडवणाऱ्या खडकापासून सीमेवरची तपासणी बंद करणाऱ्या शेंगेन करारापर्यंतची वाट याच खोऱ्यातून गेली आहे. शेंगेनपाशी वाहणारी मोझेल कोब्लेंझला ऱ्हाईनलाच मिळते. पाहुण्याच्या पासपोर्टवर चिकटलेला व्हिसा हा त्या किल्ल्यांच्या इतिहासाचा अलीकडचा अध्याय आहे, एवढे सांगितले तर खिंडीतली तीन तासांची बोट कोणालाही कंटाळवाणी होणार नाही.

पाहुणा : हे पटले. अ‍ॅमस्टरडॅम किंवा ब्रसेल्स यांपैकी एक सोडता येईल. पण मग तिकिटांचे काय? तुझा रेल्वेपास वेगळा आणि आमचा वेगळा असतो ना?

यजमान : हो. तुमचा युरेल, आमचा इंटररेल. गाडी तीच, डबा तोच. भेद नागरिकत्वाचा नाही, राहण्याच्या जागेचा आहे, म्हणून भारतीय पासपोर्ट असूनही बॉनच्या रहिवाशाला इंटररेल घ्यावा लागतो.

युरेल हा युरोपाबाहेर राहणाऱ्यांसाठी १९५९ मध्ये आणि इंटररेल हा युरोपात राहणाऱ्यांसाठी १९७२ मध्ये सुरू झालेला रेल्वेपास आहे. युरेलवर पाहुणा जर्मनीत हवे तेवढे फिरू शकतो; इंटररेलवर मात्र रहिवाशाला स्वतःच्या देशातून बाहेर पडण्याचा एक आणि परतण्याचा एक, एवढाच प्रवास करता येतो. जर्मनीतल्या जवळच्या प्रवासासाठी २०२३ च्या मे महिन्यात ४९ युरोंना सुरू झालेले आणि २०२५ मध्ये ५८ युरोंचे झालेले मासिक तिकीट बरे पडते. ते सर्व प्रादेशिक गाड्यांना, ट्रामला आणि बसला चालते, जलद लांब पल्ल्याच्या गाड्यांना चालत नाही.

पाहुणी : खुद्द बॉनमध्ये तुम्ही अजून काहीच सांगितले नाही, भाऊजी. बेथोव्हेनचे जन्मघर यादीत आहे, त्याशिवाय?

यजमान : जुनी दफनभूमी. रॉबर्ट आणि क्लारा शूमान या संगीतकार दांपत्याची समाधी पाहायला लोक तेथे जातात, पण तुम्हाला आउगुस्ट विल्हेल्म श्लेगेलच्या थडग्यापाशी न्यायचे आहे.

श्लेगेल १८१८ मध्ये बॉनच्या नव्या विद्यापीठात प्राध्यापक झाला आणि जर्मनीतील भारतविद्येचे, म्हणजे संस्कृत भाषा व भारतीय संस्कृती यांच्या अभ्यासाचे, पहिले अध्यासन त्याच्यापासून मानले जाते. शेक्सपिअरचा अनुवादक म्हणून नाव मिळवल्यावर, वयाच्या पन्नाशीकडे झुकताना, तो पॅरिसला जाऊन संस्कृत शिकला, देवनागरीचे खिळे तेथेच पाडून घेतले आणि १८२३ मध्ये बॉनला भगवद्गीतेची संहिता लॅटिन अनुवादासह छापली. लॅटिन एवढ्यासाठी की युरोपभरच्या विद्वानांची ती सामाईक भाषा होती. मराठी पाहुण्याला हे स्थळ कोणत्याही सहलीच्या पत्रकात सापडणार नाही आणि पाहायला तेथे एका दगडापलीकडे फारसे काही नाही. तरीसुद्धा आपली रोजची लिपी दोनशे वर्षांपूर्वी या गावातल्या छापखान्यात खिळ्याखिळ्याने जुळवली जात होती, हे त्या थडग्यापाशी उभे राहून ऐकणे आणि घरी बसून वाचणे यांत अंतर आहे. यजमानाची खरी कामगिरी येथे आहे. मोठी स्थळे पाहुण्याला स्वतः सापडतात. त्याला जे सापडणार नाही आणि तरीही जे त्याचे आहे, ते यजमानाने दाखवायचे असते.

पाहुणा : बरे, पण पॅरिस सुटणार नाही. मोनालिसा पाहिल्याशिवाय परत गेलो तर आयुष्यभर बोलणी खावी लागतील.

यजमान : ते चित्र ७७ गुणिले ५३ सेंटिमीटरचे आहे, काचेच्या मागे आहे आणि समोर माणसांची भिंत असते.

पाहुणी : असू दे. त्याच दालनात समोरच्या भिंतीवर व्हेरोनेझेचे काना गावच्या लग्नाच्या मेजवानीचे चित्र आहे ना? ते तर जवळजवळ दहा मीटर रुंद आहे. मोनालिसा पाहायला जायचे आणि तिच्याकडे पाठ करून दहा मिनिटे उभे राहायचे, म्हणजे दोन्ही होईल.

हे चित्र व्हेनिसमधील सान जॉर्जो माज्जोरे या मठाच्या भोजनगृहासाठी काढलेले होते आणि नेपोलियनच्या सैन्याने १७९७ मध्ये ते तेथून उचलून पॅरिसला आणले. लूव्हरमधील सर्वांत मोठे चित्र सर्वांत प्रसिद्ध चित्राच्या समोर टांगलेले असते आणि बहुसंख्य प्रेक्षकांची त्याच्याकडे पाठ असते. पाहुणीने सुचवलेला तोडगा यजमानाला सुचला नव्हता, कारण गर्दीच्या तिटकाऱ्यापायी त्याने ते दालनच टाकून दिले होते. प्रसिद्ध स्थळ टाळणे हीही एक प्रकारची घाईच असते.

स्वित्झर्लंडच्या बाबतीत मात्र एकमत झाले नाही.

यजमान : शाफहाउझेनचा धबधबा पाहा, तो ऱ्हाईनचाच आहे, १५० मीटर रुंद आणि २३ मीटर उंच. पण ३,४५४ मीटरवरच्या युंगफ्राउयोखला जाण्यात पैसे फार जातात, आणि त्या दिवशी ढग आले तर समोर पांढऱ्या भिंतीशिवाय काहीही दिसणार नाही. शिवाय नदीच्या धाग्यात ते बसत नाही.

पाहुणा : बसत नसेल. डोंगराच्या पोटातून १९१२ मध्ये रेल्वे तेथवर नेली, हे अभियंता असून तुला पाहावेसे वाटत नाही? आणि आम्हाला बर्फावर पाय ठेवायचा आहे. त्याला धागा कशाला हवा?

या प्रश्नावर लेखाचे मत पाहुण्याच्या बाजूचे आहे. दगड, जकात, चांदण्या आणि खिळे यांना संदर्भ लागतो, कारण ती माणसांनी केलेली कामे आहेत आणि त्यांची कारणे डोळ्यांना दिसत नाहीत. साठी ओलांडलेल्या दख्खनच्या माणसाला बर्फ हाताला लागावा एवढीच इच्छा असेल, तर ती स्वतःच्या बळावर उभी आहे. यजमानाला हे पटले नाही. त्याची रजाही तोवर संपत आली होती, म्हणून पाहुण्यांनी त्या दोन दिवसांसाठी आपापले जायचे, प्राग रद्द करायचे आणि परतल्यावर यजमानाने त्यांच्याबरोबर मनोऱ्याच्या ५३३ पायऱ्या चढायच्या, असे ठरले.

पाहुणी : बासेलच्या गाडीत कोणत्या बाजूला बसायचे ते तेवढे लिहून द्या, भाऊजी.

यजमान : जाताना डाव्या हाताला बसा, वहिनी. कोब्लेंझ सोडले की नदी त्याच बाजूला येते, आणि तासाभराच्या आत, पात्राच्या मधोमध, काउबचा तो नाका दिसतो.